ड्रायव्हरचं ताट

हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाट लागायच्या आधीच्या वळणावर बिरदेव सरगरचे डोळे मिटले. किती वेळ मिटले होते ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कंडक्टर आकाराम मागून त्याच्या नावाने ओरडला, तेव्हा गाडीचं डावं चाक डांबर सोडून खडीवर उतरलेलं होतं. बिरदेवने स्टेअरिंग ओढलं, ब्रेकवर पाय दिला. गाडी आचका देऊन थांबली. वरच्या रॅकमधून कुणाची तरी पिशवी खाली पडली, एक बाळ दचकून रडायला लागलं. एवढंच झालं. दुपारचे दोन, लख्ख ऊन, कोरडा रस्ता, आणि सांगली-चिपळूण एसटीतल्या एकेचाळीस माणसांपैकी कुणाच्या अंगाला ओरखडाही नाही.

आकाराम पुढे आला. "काय झालं रं?"

"डोळा लागला," बिरदेव म्हणाला.

आकारामने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग मागे वळून मोठ्याने सांगितलं, "कुत्रं आडवं आलतं! काय न्हाई, बसा बसा." लोक बसले. पुढच्या सीटवरच्या एका म्हातारबांनी तर मुकं जनावर वाचवलं म्हणून बिरदेवला हात जोडले. ते हात जोडणं त्याला सगळ्यात जास्त लागलं.

चिपळूणच्या स्टँडवर आकाराम त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे गड्या. एकोणीस वरसं झाली तुला, एक अपघात न्हाई. छातीवर बिनअपघाताचा बिल्ला हाय. कशाला उगं डाग लावून घेतोस?"

बिरदेवला ते पटलं नाही. ही झोप त्याच्या ओळखीची होती. दोन वर्षांपासून ती दर फेरीला याच सुमाराला यायची. पाटणच्या अलीकडे 'जयहिंद' नावाच्या हॉटेलवर गाडी जेवायला थांबायची. तिथून निघालं की अर्ध्या तासात पापण्या शिशाच्या व्हायच्या. मग तो खिडकीची काच उघडायचा, मानेवर पाणी मारायचा, आणि झोप येऊ नये म्हणून शेजारी ठेवलेल्या पुड्यातला चुरमुऱ्यांचा भडंग मुठीमुठीने तोंडात टाकायचा. जेवणाने आलेली झोप तो खाऊन घालवत होता. आजवर ते निभावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगलीत परत आल्यावर तो ड्युटी संपवून थेट आगारप्रमुखांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला.

"कुणी तक्रार केली काय?"

"न्हाई सायेब."

"मग?"

"एकेचाळीस मानसं हुती सायेब. त्यात एक तान्हं."

साहेबांनी टेबलावरचं पॅड ओढलं. मग त्यांनी त्याला तपासणीची चिठ्ठी दिली.

तपासणारी डॉक्टर तिशीतली होती, कमी बोलणारी. बिरदेव काट्यावर उभा राहिला. एकशे अठरा किलो. पोट मध्ये येत असल्याने आकडा त्याला स्वतःला दिसला नाही, तिने वाचून दाखवला. रक्तातली साखर जेवणानंतर तीनशे बारा निघाली. रक्तदाबही वाढलेला.

"रात्री घोरता?"

"बायकू म्हनती, भिताड हलतंय."

ती हसली नाही. "तुमची रात्रीची झोप झोपच नाही. श्वास अडकत असणार, त्याची वेगळी तपासणी करू. दिवसा ती झोप वसूल होते. त्यात साखर. तीन महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. औषधं देते. चालायचं. आणि खाणं बदलायचं. तीन महिन्यांनी या, आकडे बघू."

"आन् आकडं खाली न्हाई आलं तर?"

"तर गाडी नाही."

बिरदेवने मान हलवली. "येतील खाली," तो म्हणाला.

त्याला आगारात चौकशीच्या खिडकीत बसवलं. कुठली गाडी कितीला, कुठल्या फलाटावर, एवढं माइकवर सांगायचं. खिडकी अरुंद, खुर्ची अरुंद. उठता-बसता खुर्ची त्याच्याबरोबर उठायची आणि आजूबाजूचे हसायचे. तोही हसायचा. जाड्या माणसाने आपल्या जाडीवर आधी हसावं लागतं, म्हणजे दुसऱ्याचं हसणं कमी बोचतं, हे तो मागेच शिकला होता.

घरी मात्र कुणी हसत नव्हतं. घर कुपवाडला, दोन खोल्यांचं. बायको माया पोत्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती, सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सहाला यायची. लेक सृष्टी नववीत. आणि आई हरणाबाई. सत्तरीची, वाळल्या बाभळीसारखी, कंबरेत न वाकलेली. नवरा अर्जुना असेपर्यंत ती आटपाडीच्या पलीकडे वस्तीवर मेंढरांबरोबर राहिली. तो गेला, मेंढरं विकली, मग लेकाकडे आली.

बिरदेवही लहानपणी मेंढरांमागे हिंडलेला. दिवाळी झाली की अर्जुना कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, कऱ्हाडवरून पाटणच्या अंगाने पार कोयनेच्या बाजूला जायचा. ज्या रस्त्यावर बिरदेव आता गाडी हाकत होता, त्याच रस्त्याच्या कडेने तो तेव्हा अनवाणी चालला होता. अर्जुना एका बैठकीला तीन भाकऱ्या खायचा, लोटाभर दूध प्यायचा, मेंढरू कापलं तर हाडं फोडून खायचा, आणि मरेपर्यंत त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या.

हरणाबाईला लेकाच्या पोटाचा अभिमान होता. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती आणि रोजगार हमीवर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणली होती. नंतर पोरगा खाकी घालून सरकारी गाडी चालवायला लागला, त्याचे गाल भरले, पोट सुटलं, तेव्हा वस्तीवरच्या जत्रेत बायका म्हणाल्या, "हरणे, तुझा बिरू सायेब झाला की गं!" ती त्या दिवशी देवाला दोन नारळ जास्त फोडून आली होती.

म्हणून बिरदेवने पहिल्या रात्री तूप नको म्हणून वाटीवर हात धरला, तेव्हा तिने तूप त्याच्या बोटांवरूनच ओतलं.

"आये, डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टर कवा उपाशी ऱ्हायलाय? खा गुमान."

मायाने मध्ये पडून काही म्हणायचा प्रयत्न केला, तर सासूने तिच्याकडे असं बघितलं की ती चुलीकडे वळल्यासारखी गॅसकडे वळली. मायाचंही काही चुकत नव्हतं. दहा तास मशीनवर पाय मारून आलेल्या बाईला भाकरी थापायची ताकद उरत नव्हती. येताना नाक्यावरून पाव आणि वडे आणायची, नाहीतर कुकरला भात लावायची. सृष्टी शाळेतून येताना रंगीत पुडी फोडूनच यायची. कुपवाडच्या त्या एका नाक्यावर बिरदेवने पहिल्यांदाच डोळे उघडून बघितलं, तर वडापावच्या चार गाड्या, दोन बेकऱ्या, एक चायनीज आणि केकचं एक नवं दुकान होतं. भाजीवाली एक, तीही आठवड्यातून दोनदा.

चालायचं असं ठरवून तो तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल न घेता निघाला. घरापासून आगार सात किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरवर पहिली दुचाकी थांबली. "ड्रायव्हर, गाडी बंद पडली व्हय? बसा मागं." तो नको म्हणाला. पुढे दुसरी थांबली. मग टेम्पो. मग एकाने आग्रहाने त्याचा हातच धरला. त्या सात किलोमीटरात नऊ जणांनी त्याला बसायला सांगितलं. सगळे ओळखीचे, सगळे प्रेमाने, आणि चालतोय असं म्हटल्यावर प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव. बिचाऱ्यावर काय वेळ आली! रस्त्याला चालायला कड नव्हती. ट्रक अंगाला घासून जात होते. दीड तासाने तो आगारात पोचला, तेव्हा सदरा घामाने पिळण्याइतका भिजला होता.

आणि पोचल्या पोचल्या पेढे पुढे आले. कुणाच्या तरी पोरीला नोकरी लागली होती.

तो नको म्हणाला, तर समोरच्याचा चेहरा पडला. "एवढ्यानं काय हुतंय?" सगळे एवढंच म्हणायचे. दर तासाला येणारा चहा, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती, कुणाची नवी गाडी. बिरदेवला आजवर हे कधी जाणवलंच नव्हतं, की आपण दिवसभर लोकांचा मान राखत खात होतो.

पंधरा दिवस त्याने तग धरला. सोळाव्या दिवशी खिडकीत एक प्रवासी त्याच्यावर ओरडला. गाडी चुकली होती आणि माणूस रागावलेला होता. जाताना म्हणाला, "बसून बसून फुगलाय नुसता, नीट सांगाय काय होतंय?" बिरदेव दुपारच्या सुट्टीत स्टँडच्या मागच्या गाड्यावर गेला आणि उभ्याने चार वडापाव खाल्ले. चौथा खाताना त्याला चव लागत नव्हती. तरी त्याने तो संपवला. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आकाराम चिपळूणची फेरी संपवून परतला होता, त्याने ते बघितलं. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"भूक न्हवती गड्या," बिरदेव म्हणाला. "आईशप्पत, भूक न्हवती."

"मग कशाला खाल्लंस?"

बिरदेवने हातातला वडापावचा कागद चुरगळला. "मी मागलं समदं आठवाय लागलोय. इस्लामपुरात गाडी दहा मिनटं थांबती, तितं भजी. कऱ्हाडला च्या आन् खारी. जयहिंदला ताट. चिपळूनला उतरलं की पुन्हा च्या. एकदा बी मी भूक लागली म्हनून खाल्लेलं न्हाई आकाराम. गाडी थांबली म्हनून खाल्लंय. एकोनीस वरसं गाडी थांबली की खाल्लंय."

आकारामने स्वतःच्या पोटावरचा पट्टा सावरला.

त्या दिवशीही बिरदेव चालतच घरी गेला. वडापाव खाल्ले म्हणून चालणं सोडायचं नाही, एवढं त्याने वाटेत मनाशी पक्कं केलं. एक दिवस पडला तर पडला, दुसरा पडू द्यायचा नाही.

घरी येऊन त्याने बूट काढले आणि उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरशीवर तांबडे ठसे उमटले. सृष्टी किंचाळली. हरणाबाईने त्याला धरून खाटेवर बसवलं, मोजा सोलून काढला. बुटाच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि टाचेपुढच्या मांसात त्याने चांगलं खोल भोक पाडलं होतं. सात किलोमीटर बिरदेव त्या खिळ्यावर चालला होता.

"दुखलं न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई."

तिने हळदीचं बोट जखमेत घातलं. बिरदेवने पाय हलवला नाही. तिने जरा दाबलं. तरी नाही.

हरणाबाईचा हात तिथेच थांबला. तिने आयुष्यभर मेंढरांचे खूर हातात धरले होते. "मेंढराच्या खुरात बाभळीचा काटा गेला तर मेंढरू लंगडतंय," ती हळूच म्हणाली. "लंगडलं की कळपातनं वळखू येतंय, काटा काढता येतोय. जे लंगडत न्हाई त्येचा पाय सडतोय." मग तिने वर बघितलं. "बिरू, तुला कवापास्नं कळंना झालंय?"

"ठावं न्हाई आये. डॉक्टर म्हनली हुती, साखरंनं पाय बधिर व्हत्यात."

"आन् मी वरनं तूप वतत बसले."

"तुझ्या तुपानं न्हाई झालं ते."

"गप." तिने डोळे पदराने पुसले आणि लगेच आवाज चढवला. "माया! ह्येला आदी दवाखान्यात ने. आन् उद्यापास्नं भाकरी मी थापनार. तू कामावरनं येनार, तुझं हात दुखत्यात, मला काय हुतंय घरात बसून? ह्या पोरीला बी शिकवते."

डॉक्टरने जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आठ दिवस चालायला बंदी केली आणि रोज रात्री पायाचे तळवे आरशात बघायला सांगितलं. आठ दिवस बिरदेव घरात बसल्या बसल्या हात वर-खाली करत राहिला. नवव्या दिवशी नवे, मऊ तळाचे बूट घालून पुन्हा रस्त्यावर आला. मागून हॉर्न वाजले की तो न बघताच हात हलवायचा. महिन्याभराने लोकांनी थांबणं सोडलं. दोन महिन्यांनी मायाच्या कारखान्यातल्या दोन बायका सकाळी त्याच्यामागून नाक्यापर्यंत चालायला लागल्या. एकट्या बाईला त्या रस्त्याला चालायचं धाडस होत नव्हतं, पुढे ओळखीचं माणूस असलं की होत होतं.

आगारात त्याने एक गोष्ट केली. पेढा पुढे आला की तो घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि देणाऱ्याच्याच तोंडात घालायचा. पहिल्यांदा लोक गोंधळले, मग त्यांना ते आवडायला लागलं. मान राहिला आणि पेढाही गेला.

तीन महिन्यांनी काटा एकशे सातवर थांबला. साखर एकशे अठ्ठेचाळीस. रात्री श्वासाचं यंत्र लावून झोपायची सवय झाली होती, भिंत हलायची बंद झाली होती. डॉक्टरने कागद दोनदा वाचले.

"अजून पुष्कळ जायचंय. गोळ्या सुटणार नाहीत. दर महिन्याला यायचं," ती म्हणाली आणि सही केली.

सोमवारी सकाळी बिरदेव चिपळूण गाडीच्या स्टेअरिंगवर बसला. इस्लामपुरात गाडी थांबली, तो खाली उतरून गाडीभोवती दोन चकरा मारून आला. कऱ्हाडला बिनसाखरेचा चहा. पाऊण वाजता जयहिंद आलं.

जयहिंदचे मालक हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले. रस्त्याकडेचा त्यांचा ऊस होता. रस्ता रुंद झाला, तेव्हा कडेच्या रानात त्यांनी हॉटेल टाकलं. माणूस दिलदार. ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी वेगळी खोली, पंखा, आणि ताट कायम फुकट. गाडी आपल्या दारात थांबवतात म्हणून सगळीच हॉटेलं असं देतात, पण हंबीरराव स्वतः उभे राहून वाढायचे. लोणी लावलेल्या चार रोट्या, पनीरची तेलात पोहणारी भाजी, फोडणीची डाळ, जिरा राईस, तळलेला पापड, दोन गुलाबजाम आणि वर थंड पेयाची बाटली.

"अरे आवो, सरगर!" हंबीरराव गल्ल्यावरून उठून आले. "तीन महिनं कुटं गायब? निम्मा झालास की रं! बस, तुझं ताट लावतो."

"ताट नगं आबा. डबा आनलाय."

हंबीररावांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांनी डब्याकडे बघितलं. "माझ्या हाटेलात डबा?"

खोलीच्या दारावरच पाटी होती, बाहेरचे पदार्थ आणून खाण्यास मनाई आहे.

"ही पाटी आमाला बी लागू हाय का आबा?"

"समद्यांला लागू हाय." त्यांचा आवाज कोरडा झाला होता.

"मग मी भाईर बसतो," बिरदेव म्हणाला. गाड्या लावायच्या जागेच्या कडेला बुटकी भिंत होती, तिच्यावर बसून त्याने डबा सोडला. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, कांदा. सावली अपुरी होती. हॉलमधले प्रवासी काचेतून बघत होते. एकाने येऊन विचारलंच, "ड्रायव्हरसायेब, हितलं चांगलं नसतंय काय?"

"चांगलं असतंय. मला चालत न्हाई," बिरदेव म्हणाला. पण हंबीररावांनी ते लांबून बघितलं होतं आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

पुढचे तीन आठवडे हंबीरराव त्याच्याशी बोलले नाहीत. आकाराम मात्र आत जाऊन जेवायचा आणि बाहेर येऊन कुरकुरायचा. "तुज्यामुळं मला आत घास गोड लागंना झालाय." तरी जायचा. एके दिवशी गाडीतली एक म्हातारी आपलं भाकरीचं फडकं घेऊन भिंतीपाशी आली. "हितं बसून खाल्लं तर कोन बोलत न्हाई व्हय रं बाबा? मी दर येळंला गाडीत लपून खाते." बिरदेवने सरकून जागा दिली. मग इचलकरंजी गाडीचा ड्रायव्हर नानासो डबा घेऊन आला, त्यालाही साखर निघाली होती. मग आणखी एक जण. महिन्याभरात भिंतीवर सात-आठ माणसं दिसायला लागली.

एका दुपारी हंबीरराव बाहेर आले. हात पाठीमागे, फौजेतल्यासारखे.

"ह्ये काय आंदोलन लावलंय सरगर? मी तुमाला काय कमी केलं? वीस वरसांत एक ड्रायव्हर माझ्या दारातनं उपाशी गेला न्हाई."

"खरं हाय आबा." बिरदेव उठून उभा राहिला. प्रवासी ऐकत होते, आकाराम दारात उभा होता. बिरदेवने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ठरवलं. "चार महिन्यांमागं हेळवाकच्या पुढं माझी गाडी रस्ता सोडून गेलती. समद्यांला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. कुत्रं न्हवतं आबा. हितनं जेवून गेलो आन् माझा डोळा लागला. गाडीत एकेचाळीस मानसं हुती."

भिंतीवरच्या म्हातारीने हातातला घास खाली ठेवला. आकारामची मान खाली गेली.

"म्हंजी माझ्या जेवनानं?" हंबीररावांचा आवाज बसला होता.

"एकट्या तुमच्या न्हाई. माझ्या बसन्यानं, माझ्या जिभंनं, घरच्या-भाईरच्या समद्यानं. पर घाट चढायच्या आदीचं शेवटचं ताट तुमचं असतंय आबा. म्हनून तुमाला सांगतोय. दुसऱ्या कुनाला सांगून उपेग न्हाई."

"मग काय वाढू? सांग."

"भाकरी. एखादी उसळ न्हाईतर पालेभाजी. ताक. बास."

"भाकरी खायला हाटेलात कोन येतंय?"

"घरात तरी कुटं ऱ्हायलीय आबा?" बिरदेव म्हणाला. "घरातली बाई कामावर गेली. माझी म्हातारी हाय म्हनून माझ्या डब्यात भाकरी हाय. नानासोला त्येची बायकू पाटं चारला उठून देती. ज्येला कोन न्हाई त्येनं काय करायचं?"

हंबीरराव आत गेले. त्यांनी काही केलं नाही तरी आपण भिंतीवर बसत राहायचं, डबा संपवून गाडीत बसताना बिरदेव मनाशी म्हणाला. ऊन वाढलं तर छत्री आणायची.

दहा दिवस तसेच गेले. अकराव्या दिवशी गाडी थांबली, तर हॉटेलच्या मागच्या बाजूने थापण्याचा आवाज येत होता. गावातली रंगूबाई नावाची एक बाई दोन्ही हातांनी भाकऱ्या बडवत होती, आणि दारावरची डब्याची पाटी काढून टाकलेली होती. तिथे फक्त चौकोनी पांढरा डाग राहिला होता.

म्हणून काही सगळं बदललं नाही. जयहिंदवर थांबणाऱ्या अकरा ड्रायव्हरांपैकी पाच जण भाकरी खायला लागले, सहा जण आधीचंच ताट मागत राहिले. थंड पेयाची बाटली अजून येत होती, ती बिरदेव दर वेळी परत पाठवत होता. हॉलमध्ये वडे तळण्याचा वास तसाच होता. आकाराम भाकरी खायचा आणि वर दोन गुलाबजामही खायचा. बिरदेवचं वजन एकशे तीनवर येऊन अडलं होतं आणि दीड महिना हललं नव्हतं. दर महिन्याला काट्यावर उभं राहायचं, आकडा ऐकायचा, परत यायचं, चालायला लागायचं. डॉक्टर म्हणाली होती की असं अडतं. तो म्हणाला होता, "अडू दे. मी बी अडून बसलोय."

एका शनिवारी तो ड्रायव्हरांच्या खोलीत जेवत होता. हंबीरराव वाढायला न थांबता समोरची खुर्ची ओढून बसले. बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिले. आकाराम हात धुवायला गेला, तशी त्यांनी मान पुढे काढली.

"फौजेतनं आलो तवा बासष्ट किलो हुतो," ते म्हणाले. "आता इचारू नगंस." मग थोडं थांबून, "रातीचं तळपाय भाजल्यागत हुत्यात. मग सकाळी चप्पल पायात हाय का न्हाई त्येच कळत न्हाई. घरात कुनाला बोललो न्हाई."

बिरदेवने हातातली भाकरी ताटात ठेवली. "बूट काडा आबा."

"हितं?"

"हितंच."

हंबीररावांनी दाराकडे बघून घेतलं आणि वाकायला गेले. पोट आडवं आलं. बिरदेव खाली बसला आणि त्याने त्यांच्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढून तळवा उजेडाकडे वळवला. अंगठ्याखाली जुना फोड होता, काळा पडलेला.

"ती तुझी डॉक्टर कवा असती रं?"

"सोमवारी सकाळी नवाला. उपाशी पोटी यायचं. मी सांगलीच्या स्टँडवर न्यायला येतो, माझी सुट्टी हाय."

बाहेर आकारामने गाडीची घंटी वाजवली. प्रवासी चढायला लागले होते. हंबीरराव मोजा हातात धरून तसेच बसले होते.

"सोमवार म्हंजी परवाच की," ते म्हणाले.

"व्हय," बिरदेव म्हणाला आणि हात धुवायला उठला. "परवाच."